डोक्याला मार लागलेल्या माजी सैनिकाचं पुनर्वसन: सातारा-सांगलीच्या गावात राहून काय, कधी आणि कसं करायचं

दादाच्या डिस्चार्ज कार्डावर सगळ्यात खाली दोनच शब्द होते. 'फिजिओथेरपी. फॉलोअप.' मेंदूवर साकळलेलं रक्त काढलं होतं, टाके सुकले होते, दादा डोळे उघडून बघत होता. आम्ही गाडी केली आणि त्याला खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी आणलं. आई म्हणाली, जिवावरचं टळलं. पुढचे तीन महिने आम्ही सगळे तेच म्हणत राहिलो आणि दादा बाजल्यावर पडून राहिला. उजवा हात हळूहळू छातीशी आखडत गेला. वहिनींचं नाव त्याच्या ओठावर यायचं आणि तिथंच अडायचं.

मी स्वतः आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त झालो. ऑपरेशननंतरचं ड्रेसिंग, नळी, इंजेक्शन हे सगळं मला येत होतं. पण डोक्याच्या दुखापतीत ऑपरेशन म्हणजे अर्धंच काम असतं, हे माझ्याही ध्यानात उशिरा आलं. मेंदूची भरपाई पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात वेगानं होते. त्यानंतरही ती वर्ष-दोन वर्षं, काहींची त्याहून पुढे चालू राहते, पण वेग कमी होत जातो. त्या सहांतले तीन महिने आमच्या हातून गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे गावागावात फौजी आहेत. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले. खटाव, माण, पाटण, तिकडे जत, आटपाडी, शिराळा, कुठंही जा, वाडीवस्तीवर एक तरी 'मेजर' भेटतोच. मात्र मेंदूच्या पुनर्वसनाच्या सोयी पुण्या-मुंबईला किंवा फार तर कराड-मिरजेला. हे अंतर कापायची एकच रीत मला सापडली. शहरातून योजना लिहून आणायची, ती गावात रोज राबवायची आणि ठरावीक दिवसांनी तपासून घ्यायला परत जायचं. त्याच वेळी कागदपत्रांचं काम दुसऱ्या हातानं चालू ठेवायचं. आधी एक, मग दुसरं असं करत बसलात तर दोन्ही रखडतात.

मार ओळखा. फौजी स्वतःहून सांगणार नाही

नोकरीत माणसाला एकच सवय लागते. मेडिकल बोर्डासमोर उभं राहायचं आणि 'सब ठीक है, साब' म्हणायचं. मेडिकल कॅटेगरी खाली गेली तर प्रमोशन अडतं, म्हणून चक्कर लपवायची, डोकेदुखी लपवायची. निवृत्तीनंतरही ती सवय सुटत नाही. म्हणून लक्षणं बायकोला, आईला, मुलाला विचारा.

मार दोन काळांतला असू शकतो. एक नोकरीतला. श्रीलंकेतली शांतिसेना (१९८७ ते १९९०), १९९९ चं कारगिल, काश्मीरमधले सुरुंग आणि स्फोट, बर्फावरून घसरणं, गाडी दरीत जाणं. स्फोटाच्या दाबानं बाहेर एक ओरखडाही न दिसता मेंदू हादरू शकतो. दुसरा घरी आल्यानंतरचा. मोटरसायकल, उसाची ट्रॉली, माडी, विहिरीची पायरी. आमचा दादा पुसेगावच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं म्हणून पडला. हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं.

घरात पुढच्या गोष्टी दिसल्या तर 'वयामुळं असेल' म्हणून सोडून देऊ नका. तेच तेच पुन्हा विचारणं, पूर्वी शांत असलेल्या माणसाचा क्षणात भडका उडणं किंवा उलट, दिवसभर एका जागी गप्प बसणं. उजेड आणि आवाज सहन न होणं, वास न येणं, एकाचे दोन दिसणं, झोपेचं चक्र उलटं होणं, थोड्याशा बोलण्यानंही थकून जाणं. मेंदूचा पुढचा भाग दुखावला की स्वभाव बदलतो. 'हे आता मुद्दाम करतात,' असं बायकोला वाटतं आणि घरात भांडणं सुरू होतात. मुद्दाम नसतं, दुखापत असते. ही एक गोष्ट समजली तरी घरातला निम्मा ताप उतरतो.

साठीच्या पुढच्या माणसाच्या बाबतीत आणखी सावध राहा. साधा पडल्याचा मार विसरून जातो आणि दोन-चार आठवड्यांनी चाल अडखळायला लागते, झोप वाढते, बोलणं जड होतं. मेंदूभोवती हळूहळू रक्त साठल्याचं हे लक्षण असू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका जास्त. सीटी स्कॅन करून घ्या. वेळेत कळलं तर यावर इलाज आहे.

आणि पुढचं काही दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलटी, न उठणारी गुंगी, फिट, एक हात-पाय लुळा पडणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखा द्रव येणं. फिट आली तर कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. कांदा, चप्पल, चमचा, पाणी यातलं काहीही तोंडा-नाकाशी नेऊ नका.

पहिल्या ४८ तासांतला एक फोन

तातडीच्या वेळी जवळचा दवाखाना गाठायचा, तो ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) यादीत आहे की नाही हे नंतर बघायचं. पण दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत तुमच्या पॉलिक्लिनिकला, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्याला, कळवा. फोन केला तरी तारीख, वेळ आणि कुणाशी बोललात ते लिहून ठेवा आणि लेखीही पाठवा. यादीबाहेरच्या दवाखान्याचं बिल मागताना हेच पहिल्यांदा विचारलं जातं. बिलाची परतफेड सरकारी म्हणजे सीजीएचएसच्या (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या) दरानं होते, त्यामुळे सगळे पैसे परत मिळतील असं धरून चालू नका. प्रकृती सावरली की यादीतल्या दवाखान्यात हलवायचं का, हे डॉक्टरांना त्याच आठवड्यात विचारा.

घरच्यांचा एक गैरसमज इथंच दूर करतो. ईसीएचएस ही योजना १ एप्रिल २००३ पासून आहे आणि तिच्यातला उपचार 'मार नोकरीत लागला होता का' यावर अवलंबून नाही. निवृत्तीनंतर गोठ्यात पडला तरी उपचाराचा हक्क तोच. नोकरीशी संबंध सिद्ध करावा लागतो तो अपंगत्व पेन्शनसाठी. ही दोन वेगळी दारं आहेत. पेन्शनचा वाद चालू आहे म्हणून उपचार थांबवलेले लोक मी पाहिलेत, आणि त्याची काही गरज नव्हती.

ज्यांनी कार्डच काढलेलं नाही त्यांनी आजच अर्ज करा. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्या पेन्शनरांना आणि वीरपत्नींना त्यासाठी वर्गणीही भरावी लागत नाही. कार्ड आणि पेन्शनच्या कागदांवर बायकोचं नाव, जन्मतारीख, आधार यांत एका अक्षराचा फरक असला तरी पार्ट टू ऑर्डर (सेवेच्या नोंदीतल्या बदलाचा आदेश), रेकॉर्ड ऑफिस (सैन्याचं नोंदींचं कार्यालय) असे हेलपाटे पडतात. म्हणून तो फरक आधी मिटवा.

रेफरलमध्ये, म्हणजे पुढं पाठवायच्या चिठ्ठीत, काय लिहून घ्यायचं

इथं माझं मत ठाम आहे. 'फिजिओथेरपी' एवढ्या एका शब्दावर समाधान मानू नका. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांसमोर बसलात की सरळ म्हणा, 'डॉक्टरसाहेब, डोक्याच्या दुखापतीनंतरचं न्यूरो-रिहॅबिलिटेशन हवंय. चार गोष्टींची तपासणी लिहून द्या.' त्या चार अशा.

फिजिओथेरपी: बसणं, उभं राहणं, तोल, चाल, आखडलेले सांधे.

ऑक्युपेशनल थेरपी: अंघोळ, कपडे, जेवण, कामधंदा, म्हणजे हाताचा रोजच्या जगण्यात उपयोग. आपल्या भागात हे थेरपिस्ट कमी आहेत, म्हणून हेच सगळ्यात आधी मागा.

स्पीच थेरपी: बोलणं आणि समजणं, आणि तितकंच महत्त्वाचं गिळणं. पुष्कळ जणांना हे ठाऊकच नसतं. पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज ओला-घोगरा होत असेल तर घास फुफ्फुसात जातोय असं समजा. न्यूमोनिया असाच होतो.

न्यूरोसायकॉलॉजी किंवा मानसोपचार: स्मरण, लक्ष, राग, उदासी.

यादीतल्या दवाखान्यातल्या तज्ज्ञानं काय करावं, किती दिवस आणि आठवड्यातून किती वेळा, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. तो कागद पॉलिक्लिनिकला परत न्यायचा, पुढची मंजुरी त्यावर होते. घरी येऊन करायच्या थेरपीची शिफारस असेल तर तीही लेखीच घ्या. काही पॉलिक्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट असतो, तुमच्याकडे आहे का हे विचारून घ्या.

कुठं जायचं? कराडला कृष्णा रुग्णालयाला जोडूनच फिजिओथेरपीचं महाविद्यालय आहे. सांगलीला वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. गुंतागुंत असेल तर पुण्याचं सैन्याचं कमांड हॉस्पिटल, त्यासाठी पॉलिक्लिनिकचा रेफरल लागतो. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. सांगलीकरांना मिरजेहून बंगळुरूला थेट रेल्वे आहे, आणि तिथल्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत न्यूरो-रिहॅबिलिटेशनचा स्वतंत्र विभाग आहे.

लोक हमखास सुचवतात ते खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर. उत्तम संस्था आहे, पण ती मणक्याच्या दुखापतीच्या जवानांसाठी आहे, मेंदूच्या नाही. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर हात-पाय गमावलेल्यांसाठी. ऐकीव माहितीवर भाड्याची गाडी करून जाऊ नका.

पुण्याच्या पहिल्या फेरीला जाताना तिथं दोन-चार दिवस राहायच्या तयारीनं जा आणि घरातला जो माणूस रोज करणार आहे त्यालाच न्या. आमच्याकडे मी गेलो होतो, आणि ते चुकलं. दुसऱ्या खेपेला वहिनी आल्या. थेरपिस्टनं प्रत्येक हालचाल आधी स्वतः दाखवली, मग वहिनींना करायला लावली आणि मी मोबाईलवर व्हिडिओ काढला. त्या सात व्हिडिओंवर आमचं पुढचं वर्ष गेलं.

मधल्या काळात प्रत्येक वेळी प्रवास करायची गरज नसते. सैन्यदलाची सेहत ओपीडी २०२१ मध्ये सुरू झाली, तिच्यात माजी सैनिकांनाही व्हिडिओवर डॉक्टर भेटतात. नागरी बाजूला ई-संजीवनी ही सरकारची तशीच ऑनलाइन सेवा आहे. रेंज नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा शाळेत बसून बोला.

घराची बराक करा

हा भाग मी लांबवणार आहे, कारण दादा उठून बसला तो इथंच.

बाजलं काढा. मधे खोल जाणाऱ्या बाजल्यावर कंबर आणि खांदा दोन्ही वाकडे होतात. लाकडी पलंग आणि घट्ट गादी हवी. माणूस स्वतः वळत नसेल तर दर दोन तासांनी कूस बदला आणि टाचा, माकडहाड, कोपर बघा. कातडी लाल होऊन दाबल्यावर फिकी पडत नसेल तर ती शय्याव्रणाची सुरुवात आहे, त्या जागेवर अजिबात भार देऊ नका. लुळा हात धरून कुणालाही उठवू नका. पाहुणे येतात, 'उठा मेजर' म्हणत हात ओढतात आणि खांदा निखळतो. आम्ही दारावर पाटीच लावली होती: उजवा हात ओढू नये.

जेवताना पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, घास लहान. जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पातळ पाण्यापेक्षा घट्टसर पेज, दही सोपं जातं, पण किती घट्ट हे स्पीच थेरपिस्टनं ठरवायचं. अन्नासाठी नाकातून घातलेली नळी काढायची घाई घरच्यांनी करू नये.

आता बराकीची गोष्ट. ज्याचं स्मरण दुखावलंय त्याला नवं शिकणं जड जातं, पण वीस वर्षं अंगात मुरलेली सवय पुष्कळदा शाबूत असते. फौजीजवळ तर सवयींचा खजिनाच असतो. दादाच्या किटसाठी वहिनींनी एक फळी रिकामी केली. डावीकडून टॉवेल, दाढीचं सामान, साबण, कपडे, चष्मा, जागा कायमची ठरलेली. साडेपाचला उठणं, सहाला अंगणात पीटी म्हणजे थेरपिस्टनं दिलेले व्यायाम, आठला नाश्ता, संध्याकाळी सातला रोलकॉल म्हणजे हजेरी. रोलकॉलला तो वही उघडायचा आणि दिवसभरात काय झालं ते वाचायचा. पहिले दोन महिने वही वहिनी लिहायच्या, मग त्यानं डाव्या हातानं सुरुवात केली.

चालताना त्याचा उजवा पाय घासटायचा. थेरपिस्ट म्हणाल्या, ताल दिला तर बघा. मी अंगणात उभा राहून जोरात म्हटलं, 'एक-दो-एक, एक-दो-एक.' त्याचा पाय उचलला गेला. वहिनी चुलीपाशी उभ्या होत्या, त्यांच्या हातातली परात तशीच राहिली. ताल कानावर पडला की चाल सुधारते, हे थेरपिस्टना ठाऊक असतं आणि त्या तालावर मुद्दाम काम करतात. आपल्या माणसाला कुठला ताल लागू पडेल हे मात्र घरच्यांनाच ठाऊक असतं. तसंच बोलण्याचं. ज्याला साधं वाक्य जमत नाही त्याला भजन, आरती, उजळणी, महिन्यांची नावं पुष्कळदा जमतात. गाण्याचा रस्ता मेंदूत थोडा वेगळा असतो. मारुतीच्या देवळातल्या भजनाला दादाला नेऊन बसवायचो. आधी ओठ हलले, मग शब्द आले.

काम शिकवताना ते तोडून द्या. 'चहा कर' हे त्याला एक काम वाटत नाही, ती आठ कामं आहेत. पातेलं घे, कपभर पाणी, गॅस, साखर, पावडर, उकळी, दूध, गाळ. आम्ही आठ चिठ्ठ्या भिंतीला चिकटवल्या. चूक होऊ देऊन मग सुधारायची नाही, कारण चुकीचीच सवय लागते. पुढचं पाऊल आधी दाखवायचं आणि हळूहळू आपण मागं सरायचं. एक काम झालं की विश्रांती. मेंदूचा थकवा अंगाच्या थकव्यापेक्षा लवकर येतो आणि थकलेला माणूस चिडतो.

राग आला तर वाद घालू नका. आवाज खाली, टीव्ही बंद, लहान पोरं बाहेर, आणि विषय बदला. दहा मिनिटांनी त्याला आठवतही नसतं. त्याच्या मागं बसलेली बायको मात्र ते विसरत नाही.

चार गोष्टी घरातून काढायच्या

गाडीची किल्ली. डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत मोटरसायकल, ट्रॅक्टर, विहिरीची मोटर बंद.

दारू. कॅन्टीनचा कोटा घरात आणूच नका. दुखावलेल्या मेंदूला थोडीही जास्त होते, आणि फिटच्या गोळ्यांबरोबर ती धोक्याची आहे. आग्रह करणाऱ्या जुन्या साथीदारांना दारातच सांगा.

बंदूक. बरेच माजी सैनिक बँकेत, एटीएमवर सुरक्षा रक्षक असतात, घरात परवान्याची बारा बोअर असते. राग आणि उदासी असलेल्या घरात ती नको. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून पावती घ्या. हे बोलायला जड जातं, तरी बोला.

आणि औषध आपल्या मनानं बंद करायची सवय. फिटच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर मोठी फिट येऊ शकते. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी पॉलिक्लिनिकला जा.

पेन्शन, प्रमाणपत्र आणि सही

मार नोकरीतला असेल तर अपंगत्व पेन्शनचा प्रश्न येतो. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), इंजुरी रिपोर्ट म्हणजे आयएएफवाय-२००६, मिलिटरी हॉस्पिटलचे कागद आणि निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाचा एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म, हे सगळं एका फाईलमध्ये ठेवा. एखादा कागद नसेल तर आपापल्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावला, तोफखान्यावाल्यांनी नाशिक रोडला. उत्तर आलं नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागा. मार नोकरीमुळं लागला किंवा नोकरीमुळं वाढला, हे दाखवावं लागतं. नकार मिळाला तर अपील आहे, आणि त्यापुढं सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. पूर्ण अपंगत्वात कायम मदतनिसाची गरज बोर्डानं मान्य केली तर त्यासाठी वेगळा भत्ताही असतो. तो मिळतो हेच पुष्कळांना माहीत नसतं.

बोर्डासमोर पुन्हा जायची वेळ आली तर वहिनींची वही बरोबर न्या. 'सब ठीक है' म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडच्या उत्तरापेक्षा तारखेसह लिहिलेल्या सहा महिन्यांच्या नोंदी जास्त बोलतात.

दिव्यांग प्रमाणपत्राची, म्हणजे यूडीआयडी कार्डाची बाब वेगळी. सैन्याच्या बोर्डाची टक्केवारी तिथं आपोआप लागू होत नाही, सरकारी रुग्णालयात नव्यानं तपासणी होते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे, पण 'डोक्याची दुखापत' असा स्वतंत्र प्रकार नाही. म्हणून अर्जात परिणाम लिहा. अवयवांची दिव्यांगता, वाचा आणि भाषा, मानसिक आजार, किंवा यांतल्या दोन-तीन मिळून बहुदिव्यांगता. फक्त हात-पाय तपासून घेऊन परत आलात तर स्मरण आणि वाचेचं नुकसान कागदावर येत नाही आणि टक्केवारी कमी पडते. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते. सुधारणा चालू असताना सहसा तात्पुरतं प्रमाणपत्र देतात.

सहीचा प्रश्न सगळ्यात आधी बँकेत उभा राहतो. पेन्शन खातं पत्नीबरोबर संयुक्त नसेल तर माणूस समजून-उमजून होकार देऊ शकतो तोवरच ते करून घ्या. सही येत नसेल तर अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की ते कायद्यानं संपतं. खरोखरच निर्णय घेता येत नसतील तर मर्यादित पालकत्वासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे सल्ला घ्या. हयातीचा दाखला स्पर्श या सैन्य पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर वेळेत गेला नाही तर पेन्शन थांबते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवूनही काढता येतो, त्याला उचलून साताऱ्याला नेऊ नका.

पैशाची ओढाताण असेल तर सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथले कल्याण संघटक तालुक्याला फिरतात, ते कधी येतात ते विचारून ठेवा. ध्वजदिन निधीतून आणि केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मदतीच्या योजना आहेत. पेन्शन न मिळणाऱ्या, म्हणजे लवकर सेवा सोडलेल्या माजी सैनिकांनी तर आधी इथंच जावं. ईसीएचएस नसलेल्यांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनाही बघा.

ती

या सगळ्यात एक माणूस रोज राबत असतं आणि त्याच्याविषयी कुणी विचारत नाही. चौथ्या महिन्यात वहिनी एकदा गोठ्यात बसून रडत होत्या. म्हणाल्या, 'भाऊजी, हे परत आले, पण मला हे ओळखू येत नाहीत.' मी काय बोलणार? त्या आठवड्यापासून रविवारची दुपार मी दादाजवळ बसायला लागलो आणि वहिनी माहेरी किंवा देवळात जायला लागल्या. तुमच्या घरात ती दुपार कोण देणार, हे आज ठरवा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. सैन्यदलांसाठी पुण्याच्या एएफएमसी या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात टेलिमानसचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला. तो नंबर जितका त्याच्यासाठी आहे, तितकाच तिच्यासाठी.

परत कधी जायचं

पहिले सहा महिने दर चार ते सहा आठवड्यांनी थेरपिस्टला दाखवा, पुढं डॉक्टर सांगतील तसं. प्रत्येक वेळी वही, व्हिडिओ आणि एकच ठरवलेलं ध्येय घेऊन जा. 'बरा करा' असं म्हणू नका. 'एकट्यानं संडासला जाता यावं' असं म्हणा. ते साधलं की पुढचं. आमची ध्येयं अशी होती: पलंगाच्या कडेला पाच मिनिटं बसणं, उजव्या हातानं भाकरी धरणं, वहिनींचं नाव घेणं, दूध घेऊन डेअरीपर्यंत जाणं.

शेवटचं दुसऱ्या वर्षाच्या आषाढात झालं. किटली डाव्या हातात, काठी उजव्या हातात, मी वीस पावलं मागं. त्या रात्री रोलकॉलला वहीत त्यानं स्वतः लिहिलं होतं: 'दूध घातले. पाऊस. सुमन ओरडली नाही.' यूडीआयडीची मुदत पुढच्या मार्चमध्ये संपतेय, ते वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवलंय.